दोन गच्च्यांच्या मधली हवा

तालुक्याच्या गावातले एखादे कॉलेज डोळ्यांसमोर आणावे. जुनी इमारत रस्त्याला लागून, नवी मैदानापलीकडे, मधले अंतर साधारण ३०० मीटर. इंटरनेटची जोडणी जुन्या इमारतीत येते आणि संगणकांची प्रयोगशाळा नव्या इमारतीत आहे. चर खणून केबल टाकायची तर मैदान उकरावे लागणार, म्हणून दोन्ही गच्च्यांवर, पाण्याच्या टाकीशेजारी, शाळेच्या पाटीएवढी एकेक पांढरी पेटी बसवली जाते. पेट्या एकमेकींकडे तोंड करून उभ्या राहतात आणि फेब्रुवारीत नवी इमारत नेटवर येते. मार्च, एप्रिल, मे सुरळीत जातात. जूनचा दुसरा आठवडा उलटला की प्रयोगशाळेतून निरोप येऊ लागतात, "सर, नेट गेलं." दहा मिनिटांनी ते आपोआप येते. दुपारी पुन्हा जाते. शिपाईकाका जिना चढून पेटीची पिन काढतात, पुन्हा लावतात, नेट येते, आणि काका खाली उतरेपर्यंत टिकते.

एव्हाना निदान सर्वांना ठाऊक असते. पाऊस सुरू झाला आणि नेट जाऊ लागले, म्हणजे ते पावसामुळेच जाते.

हे कॉलेज कल्पनेतले असले तरी हा आरोप मात्र गावोगाव ऐकू येतो. आणि बहुतेक वेळा तो खोटा असतो. अशा पेट्या सहसा ५.८ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वापरतात. त्या लहरींची लांबी पाच सेंटिमीटरच्या थोडी वर, तर पावसाचा थेंब जेमतेम काही मिलिमीटरचा. एवढ्या लहान थेंबांना ही लहर फारशी जुमानत नाही. तासाला १०० मिलिमीटर या वेगाने, म्हणजे कोकणातही लोक खिडकीशी येऊन पाहतील असा पाऊस कोसळत असला, तरी ३०० मीटरच्या प्रवासात लहरींची शक्ती अर्ध्या डेसिबलहून कमी घटते. शेकड्यात सांगायचे तर सात-आठ टक्के. इतकीशी घट कोणत्याही धड बसवलेल्या जोडणीच्या लक्षातही येऊ नये. फाशी संन्याशाला होते आणि चोर गच्चीवरच फिरत राहतो.

चोर पकडायचा तर आधी किती माल गेला ते मोजावे लागते. बिनतारी जोडणीचे बरे हे की तिचा जमाखर्च कागदावर मांडता येतो आणि त्यात गणिताला भिण्यासारखे काही नसते. हा हिशोब डेसिबलमध्ये चालतो. डेसिबल हे गुणाकाराला बेरजेत आणणारे एकक आहे. तीन डेसिबल वाढले की शक्ती दुप्पट, दहा वाढले की दहापट, वीस वाढले की शंभरपट. एक मिलिवॅट म्हणजे शून्य धरले, की पेटी पाठवते ते १०० मिलिवॅट म्हणजे २०. पेटीतला अँटेना ती शक्ती चहूकडे न उधळता एका बाजूला वळवतो, त्याचे १६ जमेला. पलीकडचा अँटेनाही तेवढाच, आणखी १६. एकूण ५२. आता खर्च. मोकळ्या हवेत ३०० मीटर जाताना ५.८ गिगाहर्ट्झची लहर जी पसरत जाते, तिची वजावट सुमारे ९७ डेसिबल. उरले उणे ४५. म्हणजे पलीकडच्या पेटीला वॅटचा कोट्यवधीवा हिस्सा मिळतो, आणि तेवढ्यावर तिचे उत्तम भागते. हवेतला आणि यंत्रातला स्वतःचा गोंगाट उणे ९५ च्या घरात असतो. आवाज आणि गोंगाट यांच्यात पन्नासचे अंतर म्हणजे चैनच.

आता पेटीच्या पडद्यावर काय आकडा दिसतो ते पाहायचे. प्रत्येक पेटीला असा एक पडदा असतो. ब्राउझरमध्ये तिचा पत्ता टाकला की उघडतो. बसवणारा माणूस पासवर्ड सांगून गेलेला नसतो, ही वेगळी अडचण. तिथे उणे ७० दिसले, तर २५ डेसिबल गहाळ आहेत. २५ डेसिबल म्हणजे तीनशेहून अधिक पट. यायला हवी त्याच्या तीनशेव्या हिश्शाएवढीच शक्ती येते आहे आणि तरीही जोडणी रखडत का होईना चालते. म्हणूनच असा दोष महिनोन्‌महिने लपून राहतो. ठणठणीत दिवशी काठावर तरलेली जोडणी जरासा धक्का बसला की बुडते, आणि दोष शेवटच्या धक्क्यावर जातो.

गहाळ डेसिबलांचा पहिला संशयित मैदानाच्या कडेला उभा असतो. फेब्रुवारीत पेट्या बसवल्या तेव्हा मधला गुलमोहर पानगळीने उघडा होता, फांद्यांतून पलीकडची टाकी स्वच्छ दिसत होती. बसवणाऱ्याने डोळ्यांनी पाहिले, "समोर दिसतंय" म्हणाला आणि नट आवळले. जूनमध्ये तोच गुलमोहर हिरवागार होतो. पानांत पाणी असते आणि पाणी या लहरी शोषून घेते. भिजलेली पाने त्याहून अधिक. एकाच डेरेदार झाडाआड दहा ते वीस डेसिबल सहज जातात. वारा सुटला की फांद्या हलतात आणि पडद्यावरचा आकडा नाचू लागतो. पाऊस आणि पालवी एकाच महिन्यात येतात, म्हणून एकीची करणी दुसऱ्याच्या माथी लागते.

पण झाड अगदी रेषेत नसले तरी? इथे ऑग्युस्तॅं-जां फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याकडे जावे लागते. १७८८ साली जन्मलेला हा माणूस रस्ते बांधण्याच्या सरकारी नोकरीत होता आणि फावल्या वेळात प्रकाशाचा अभ्यास करी. प्रकाश ही लहर आहे, हे त्याने १८१८ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या स्पर्धेसाठी मांडले. परीक्षकांपैकी सिमेऑं प्वासॉं हा मोठा गणिती. त्याने हे गणित पुढे नेऊन हसण्याजोगा निष्कर्ष काढला: हे खरे असेल तर गोल चकतीच्या सावलीच्या मधोमध उजेडाचा ठिपका पडायला हवा! दुसरा परीक्षक आरागो याने प्रयोग करून पाहिला. ठिपका होता. बक्षीस फ्रेनेललाच मिळाले. पुढे त्याने दीपगृहांसाठी कड्यांकड्यांचे भिंग तयार केले. १८२३ मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआं दीपगृहात ते बसले. १८२७ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी तो वारला. हाइन्रिश हर्ट्झने रेडिओलहरी प्रयोगशाळेत निर्माण केल्या त्या त्यानंतर साठ वर्षांनी. तरीही दोन गच्च्यांमधल्या हवेचा नकाशा फ्रेनेलच्याच नावाने काढला जातो.

कारण लहर सुतासारखी सरळ जात नाही. दोन अँटेनांच्या मध्ये तिला पखवाजाच्या आकाराची जागा लागते, दोन्ही टोकांना निमुळती, पोटात फुगीर. ३०० मीटर अंतरावर ५.८ गिगाहर्ट्झसाठी या पखवाजाच्या पोटाची त्रिज्या जवळजवळ दोन मीटर भरते. २.४ गिगाहर्ट्झला तीन मीटर. अंतर एक किलोमीटर झाले तर ५.८ लाही साडेतीन मीटरच्या वर. या त्रिज्येचा निदान साठ टक्के भाग मोकळा हवा, असा अभियंत्यांचा व्यवहारातला नियम आहे. म्हणजे डोळ्याला पलीकडची पेटी लख्ख दिसत असते आणि तरी रेषेच्या हातभर खाली असलेली गच्चीची कठड्याची भिंत, नवी पत्र्याची शेड, किंवा कोणीतरी चढवलेली आणखी एक पाण्याची टाकी शक्ती खात असते. महाराष्ट्रात याला एक हंगामी उदाहरणही सापडू शकते. भाद्रपदात रस्त्यावर मंडपाची कमान चढते, तिच्यावर शुभेच्छांचा मोठा फलक, आणि दहा दिवस नेट कुरकुरते. अनंत चतुर्दशीनंतर कमान उतरते आणि नेट न बोलावताच सुधारते. जो फलक आला तेव्हा कोणाच्या ध्यानात आला नाही, तो गेल्यावर कोण आठवणार?

झाड, भिंत, फलक यांपैकी काही नसेल तर पेटीची मान तपासावी. अँटेनाची शक्ती मुख्य झोतात असते, पण त्या झोताच्या दोन्ही अंगांना लहान लहान उपझोतही असतात. पेटी फिरवत फिरवत आणताना असा एखादा उपझोत पलीकडे लागला, तर आकडा चढताना दिसतो, हात थांबतो, नट आवळले जातात. शिखर समजून माणूस शेजारच्या टेकडीवर तंबू ठोकतो. तिथे पंधरा-वीस डेसिबलचे नुकसान कायमचे पदरी पडते. म्हणून जाणकार तंत्रज्ञ आकडा उतरेपर्यंत पेटी दोन्ही बाजूंना फिरवतो आणि सर्वांत उंच ठिकाणी परत येतो. मग हेच वरखालीही करतो. एक पेटी उभी आणि दुसरी चुकून आडवी बसली, तर लहरींची दिशा जुळत नाही आणि वीसच्या वर डेसिबल जातात. दोन्ही दिशा वापरणाऱ्या नव्या पेट्यांत हा घोळ कमी होतो. बाकी काम वाऱ्याचे. नैर्ऋत्य मोसमी वारे सैल क्लॅम्पला रोज केसभर फिरवतात. हिमालयाच्या पायथ्याशी धर्मशाळेत एअरजल्दी या संस्थेने डोंगराळ वस्त्यांना बिनतारी नेट दिले, तेव्हा वाऱ्याच्या जोडीला माकडेही होती. माकड लटकले तरी हलणार नाही असा खांब, ही तिथे चेष्टेची गोष्ट नव्हती.

आतापर्यंतचे सगळे संशयित चोवीस तास हजर असतात. पण कधी येणारा, कधी जाणारा दोष असेल, तर जागेइतकेच लक्ष वेळेकडे द्यावे लागते. वेल्समधल्या अबरहोसान या खेड्यात दीड वर्ष रोज सकाळी सातला ब्रॉडबँड मंदावत असे. तारा बदलून झाल्या, तरी सातचा ठोका चुकेना. शेवटी अभियंते लहरी मोजणारे यंत्र घेऊन पहाटे, भर पावसात, गावातून फिरले. सात वाजता यंत्रावर गोंगाटाचा मोठा झटका दिसला. एका घरातला जुना दूरचित्रवाणी संच रोज सकाळी सातला सुरू होई आणि त्यातून निघणारा विजेचा गोंगाट गावभराच्या तारांत शिरे. ही २०२० ची गोष्ट. संच बंद झाला, तक्रार मिटली.

ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स येथील ६४ मीटरच्या रेडिओदुर्बिणीने तर याहून मोठ्या माणसांना चकवले. १९९८ पासूनच्या नोंदींत अधूनमधून क्षणभराचे विचित्र सिग्नल सापडत. दूरच्या आकाशगंगांतून आल्याचा भास व्हावा असे. पण ते येत कामाच्या वेळात, बहुतेक दुपारच्या जेवणाच्या सुमारास. आकाशगंगा जेवणाची सुट्टी पाळत नाहीत! २०१५ मध्ये एमिली पेट्रॉफ आणि सहकाऱ्यांनी गुन्हेगार पकडला. तिथला मायक्रोवेव्ह ओव्हन बंद होण्याची वाट न पाहता कोणी दार उघडले, की आतल्या लहरींचा एक लोट निसटत असे. ओव्हन चालतो तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि घरोघरचे जुने वायफायही त्याच पट्ट्यात.

कॉलेजच्या गच्चीवर दुर्बीण नसते, पण वही ठेवता येते. नेट किती वाजता गेले, किती वेळाने आले, तेव्हा लाइट होती का, वारा होता का, पंप चालू होता का. आठवडाभरात वही बोलू लागते. रोज संध्याकाळी सात ते अकरा त्रास होत असेल तर आजूबाजूच्या घरांतले राउटर जागे झालेले असतात. दुपारी बारा ते तीन असेल तर पत्र्याशेजारी भाजणारी पेटी किंवा उन्हाने ताणला जाणारा सांधा. पाण्याचा पंप सुरू होताच नेट जात असेल तर दोष हवेत शोधू नये. आणि नेट जाऊन नेमके मिनिटभराने, दुसऱ्याच चॅनेलवर परत येत असेल, तर त्यामागे फार मजेदार कारण असू शकते. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा मधला भाग हवामानखात्याची आणि इतर रडार यंत्रेही वापरतात. रडारला पहिला मान. पेटीला रडारची चाहूल लागली की तिने दहा सेकंदांत ते चॅनेल सोडायचे, नव्या चॅनेलवर बोलण्याआधी साठ सेकंद गुपचूप ऐकायचे आणि जुन्याकडे अर्धा तास फिरकायचे नाही, असा शिष्टाचार तिच्यात भरलेला असतो. मुंबईत अंधेरीजवळच्या वेरावलीला जानेवारी २०२२ मध्ये सुरू झालेले डॉप्लर रडार याच, सी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पट्ट्यातले. बिचारी पेटी नियम पाळते आणि लोक तिला बिघडलेली म्हणतात. शिवाय कधी कधी ती शेजारच्या पेटीच्या गोंगाटालाच रडार समजते. पट्ट्याच्या वरच्या टोकाला, ५.८ जवळ, सहसा ही भानगड नसते, म्हणून चॅनेल तिकडे नेले की प्रश्न सुटतो.

शेजाऱ्यांचा प्रश्न मात्र असा सुटत नाही. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झमधला मोठा भाग, एकूण ६०५ मेगाहर्ट्झ, ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने खुला झाला. खुला म्हणजे गायरान. कोणीही गुरे सोडावीत; दुसऱ्याची गुरे आपल्या गुरांच्या चाऱ्यात आली म्हणून तलाठ्याकडे जाता येत नाही. वायफाय यंत्रे त्यातल्या त्यात सभ्यता पाळतात: आधी ऐकायचे, कोणी बोलत नसेल तरच बोलायचे. या रिवाजाची मुळे हवाई विद्यापीठात आहेत. १९७१ मध्ये नॉर्मन अब्रॅमसन यांच्या गटाने बेटाबेटांवरचे संगणक रेडिओने जोडले आणि एकाच हवेत अनेकांनी बोलण्याचा प्रश्न प्रथम अंगावर घेतला. पण ऐकून बोलण्याच्या सभ्यतेलाही एक भोक आहे. कॉलेजच्या दोन्ही पेट्या अरुंद झोताच्या असल्यामुळे बाजूच्या सोसायटीच्या पेटीला त्या ऐकूच येत नाहीत. तिला वाटते मैदान मोकळे आहे, ती बोलते, आणि कॉलेजच्या पेटीच्या कानात दोन आवाज एकदम आदळतात.

यावर लोकांना सुचणारा उपाय म्हणजे शक्ती वाढवणे. तो जवळजवळ नेहमी चुकीचा. एकाने आवाज चढवला की शेजारीही चढवतो. शिवाय जवळच्या अंतरावर फार जोराचा सिग्नल गेला तर पलीकडच्या यंत्राचे कान बधिर होतात. खरा उपाय कंजूषपणाचा आहे. पेटी बहुधा ८० मेगाहर्ट्झ रुंदीचे चॅनेल घेऊन बसलेली असते, कारण खोक्यावर छापलेला वेग त्याशिवाय मिळत नाही. ती रुंदी २० वर आणली तर गोंगाट चौथा हिस्सा उरतो, सहा डेसिबल फुकट मिळतात आणि शेजाऱ्यांशी टक्करही कमी होते. कागदावरचा वेग उतरतो, प्रयोगशाळेतला चढतो. हा सौदा विक्रेत्याला समजावणे, पेटी समजावण्यापेक्षा अवघड.

एवढे सगळे हवेबद्दल झाले. आता जी गोष्ट लेखाच्या सुरुवातीलाच सांगायला हवी होती ती. बिनतारी जोडणी बिघडते तेव्हा दोष अनेकदा तारेत असतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पेटीला वीज आणि माहिती दोन्ही एकाच केबलमधून, खालून, मिळतात. ही केबल १०० मीटरपर्यंत ठीक. पण स्वस्तातल्या केबलमध्ये तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार असते. तिचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीच्या आसपास. लांब केबलमध्ये व्होल्टेज वाटेतच गळते. पेटी नुसती बसून असते तेव्हा चालते. प्रयोगशाळेत चाळीस मुले एकदम काम सुरू करतात, पेटीला अधिक वीज लागते, आणि नेमकी तेव्हाच ती बेशुद्ध पडून पुन्हा उठते. घरात वापरायची केबल उन्हात टाकली तर वर्ष-दोन वर्षांत तिचे आवरण तडकते, पहिल्या पावसात पाणी आत शिरते आणि केबलच्या पोटातून नळीसारखे खाली ओघळत थेट स्विचच्या तोंडाशी येते. पाऊस गुन्ह्यात सापडतो तो असा, हवेतून नव्हे, तारेतून. केबलला पेटीत शिरण्याआधी खाली एक झोळ दिला, तर पाणी तिथून ठिबकून जाते. या फुकटच्या उपायाला कोणी हात लावत नाही. सांध्याच्या आठ पिनांपैकी एक गंजली तरी एक गिगाबिटचा वेग शंभर मेगाबिटवर किंवा दहावर येतो, कारण गिगाबिटला आठही तारा लागतात. हवेतून तीनशेचा वेग उतरत असतो आणि खाली केबलच्या तोंडाशी त्याला दहाची गाळणी लावलेली असते.

वीज हा तर स्वतंत्र अध्याय. तमिळनाडूतल्या थेनी येथील अरविंद नेत्र रुग्णालयाने आसपासच्या गावांतली दृष्टिकेंद्रे लांब पल्ल्याच्या वायफायने जोडली. गावात बसलेल्या रुग्णाचा डोळा डॉक्टर शहरातून पाहू लागले. त्यामागे कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचा एरिक ब्रूअर यांचा गट होता. काही वर्षे ही जाळी चालवल्यावर, २००८ मध्ये त्यांनी अनुभव मांडला तेव्हा विजेची प्रत हाच सर्वांत मोठा त्रास असल्याचे सांगितले. व्होल्टेजचे झटके यंत्रे जाळत, आणि व्होल्टेज हळूहळू उतरले की राउटर ना धड बंद ना धड चालू अशा अवस्थेत अडकून बसे. त्यासाठी त्यांनी विजेचा दाब ठराविक पातळीखाली गेला की यंत्र सरळ बंद करणारे साधे सर्किट बनवले.

अंतर हा त्यामानाने किरकोळ शत्रू. आयआयटी कानपूरमध्ये भास्करन रामन आणि सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या दशकात कानपूर-लखनौ पट्ट्यात साधे वायफाय उंच मनोऱ्यांवर चढवून अनेक किलोमीटर पलीकडे नेले. तिथे अडचण आली ती पोचेची. वायफायमध्ये प्रत्येक पाकिटाची पोच क्षणार्धात परत यावी लागते. ३०० मीटरला प्रकाशाला एक मायक्रोसेकंद पुरतो, तीस किलोमीटरला शंभर. इतका वेळ थांबायची मूळ नियमाची तयारी नसते, पोच यायच्या आत पाकीट हरवले असे ठरवून यंत्र ते पुन्हा पाठवते. म्हणून अंतराचा आकडा पेटीत भरावा लागतो. तो भरला की काय होते, हे व्हेनेझुएलाच्या एर्मान्नो पिएत्रोसेमोली यांनी २००७ मध्ये ३८२ किलोमीटरची वायफाय जोडणी करून दाखवले, डोंगरमाथ्यावरून डोंगरमाथ्यावर. महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने आधी दूरचित्रवाणीच्या रिकाम्या लहरी आणि मग ५.८ गिगाहर्ट्झ वापरून पंचवीस गावे जोडली. झाडीतून जाण्यात पहिल्या लहरी सरस, कारण त्यांची लांबी पाच सेंटिमीटरच्या कित्येकपट.

तर मग शिपाईकाकांनी काय करावे? पिन काढू नये. पिन काढणे म्हणजे पंचनाम्याआधी जागा धुऊन काढणे. पेटीच्या पडद्यावर ती किती वेळ सलग जागी आहे ते लिहिलेले असते, आणि तिथे पहिला फाटा फुटतो. कोणी हात न लावता ती चाळीस मिनिटांपूर्वीच उठली असेल, तर दोष विजेचा किंवा केबलचा. ती तीन आठवडे जागी आहे पण जोडणी दिवसात वीसदा तुटली, तर दोष हवेचा. पेटी जागी, जोडणी अखंड, आणि तरी नेट नाही, तर दोष या दोन गच्च्यांवर नाहीच. कोणीतरी स्विचमध्ये एकाच केबलची दोन्ही टोके खुपसली असतील किंवा मूळ जोडणीच गेली असेल. हे फाटे तपासायला पिंग पुरते. माइक मूस या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने १९८३ च्या डिसेंबरमध्ये, बिघडलेले जाळे तपासण्यासाठीच, एका रात्रीत लिहिलेला हा इवलासा प्रोग्राम; पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून त्याचे नाव पडले. प्रयोगशाळेतून आधी आपल्या गच्चीवरच्या पेटीला हाक द्यावी, मग पलीकडच्या पेटीला, मग तिच्या मागच्या राउटरला. ज्या टप्प्यावर उत्तरे गळू लागतात, त्याच्या अलीकडे दोष. हाका चार न देता हजार द्याव्यात; शेकडा दोन गळती चार हाकांत दिसत नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे सर्वांत कठीण, कारण गच्चीवर ऊन असते आणि माणसाला सगळे एकदम आवळून खाली यायचे असते.

कल्पनेतल्या त्या कॉलेजात वही आणि पडदा सांगतात ते असे: पेटी सतत जागी, वारा सुटला की आकडा उणे ६५ ते उणे ८० मध्ये झुलतो, पाऊस पडून वारा थांबला तर मात्र ढळत नाही. गुलमोहर ठरला. फांदी छाटायची तर नागरी हद्दीत १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली परवानगी लागते, आणि छाटलेली फांदी पुढच्या जूनला परत येते. विक्रेता ६० गिगाहर्ट्झच्या नव्या पेट्या सुचवतो, वेग दसपट. या लहरी नव्या नाहीत. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात काही मिलिमीटरच्या लहरींवर काम केले होते आणि लांबून घंटा वाजवून, दारू पेटवून दाखवली होती. पण ५ मिलिमीटरची लहर आणि पावसाचा थेंब मापाने जवळजवळ सारखे. शिवाय हवेतला प्राणवायूच तिचे किलोमीटरमागे सुमारे १५ डेसिबल खातो. तासाला १०० मिलिमीटरच्या पावसात ३०० मीटरवर आणखी आठ-नऊ डेसिबल जातील. तिथे संन्याशावरचा आरोप खरा ठरतो. आणि पानांतून तर ती लहर मुळीच जाणार नाही. पैसे असतील तर मैदानाच्या कडेने चर खणून काचतंतू टाकणे उत्तम. काचेतून विजेचा झटका एका इमारतीतून दुसरीत जात नाही, तांब्याच्या केबलमधून जातो.

पैसे नसतात. म्हणून दोन्ही टाक्यांशेजारी तीन-तीन मीटरचे लोखंडी खांब उभे राहतात, तीन बाजूंनी तारांचे ताण, खाली अर्थिंग, केबलला झोळ. पखवाजाचे पोट गुलमोहराच्या शेंड्याहून वर जाते. पेटी डावी-उजवी, वर-खाली फिरवून पडद्यावर उणे ४७ येते. हिशोबात दोन डेसिबल अजून कमी आहेत, पण त्यांच्यामागे कोणी जात नाही. जुलैत आभाळ फाटते तेव्हा प्रयोगशाळेतली मुले व्हिडिओ पाहत असतात, आणि काका सवयीने जिन्याच्या दोन पायऱ्या चढून पुन्हा खाली येतात.